नाल एकदाच काढा

मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांचे व्यवस्थापक आणि त्यांना परवाना देणारं गोवा सरकार यांना,

स.न.वि.वि.

अमळनेरात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं विकतो. आमच्या धंद्यात वर्षाचं टार्गेट गाठलं की कंपनी विक्रेत्यांना फिरायला नेते आणि खान्देशातल्या दुकानदारांची ही सहल बहुतेक वेळा गोव्यालाच जाते. भुसावळहून गोवा एक्स्प्रेस आहे, आता जळगावहून विमानही मिळतं. दिवसा किनारा, संध्याकाळी तुमची जहाजं. त्यामुळे चोपडा, पारोळा, शिरपूर, शहाद्याची माणसं तुमच्या ब्लॅकजॅकच्या टेबलावर वर्षभर बसत असणार. तुमचे पत्ते वाटणारे डीलर तर आम्हाला बोलण्यावरून ओळखतात. "जळगाव साइडचे ना दादा?" एवढं विचारून झालं की पुढचं वाक्य टिप मागण्याचं असतं.

हे पत्र त्या पुढच्या वाक्याबद्दल आहे.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने मला कीर्तनकार समजू नये. पत्ते आम्हाला नवे नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि पुरुषमंडळी ओट्यावर नाहीतर झाडाखाली पत्ते घेऊन बसतात. ही रीत जुनी आहे. तिच्या आडून मोठा जुगारही चालतो, पोलिसांच्या धाडी पडतात, चालती दुकानं बसतात. तेही आम्ही पाहिलंय, आणि त्या अड्ड्यांचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. पण अड्ड्यावरही एक शिस्त असते. जागा ज्याची, तो डावामागे नाल, म्हणजे आपला ठरलेला वाटा, काढतो. नाल किती, हे बसायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. ती एकदा काढली की जागामालकाचा आणि तुमचा हिशोब मिटला. पत्ते पिसणारा पोरगा जिंकलेल्या माणसाच्या पैशांवर हात ठेवून "काका, माझं काय?" असं विचारत नाही. विचारलं तर लोक त्यालाच उठवतात.

तुमची नाल ब्लॅकजॅकच्या नियमांतच शिवलेली आहे. पानांची बेरीज २१ च्या वर न जाऊ देता डीलरपेक्षा जास्त करायची, हा खेळ; पण खेळणाऱ्याने आधी पत्ते घ्यायचे. तो २१ च्या वर गेला की त्याचे पैसे जागच्या जागी गेले. नंतर डीलरही २१ च्या वर गेला तरी ते परत येत नाहीत. तुमची मुख्य कमाई या एका नियमात आहे. बदल्यात खेळणाऱ्याला पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान आलं, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, तर दीडपट मिळतात. ५०० लावले असतील तर ७५०. कधी थांबायचं, कधी पत्ता घ्यायचा, कधी लावलेले पैसे डबल करायचे याचा तक्ता पाठ करून बसलेल्या माणसाच्या दर १०० रुपयांतून चांगल्या नियमांच्या टेबलावर तुम्हाला सरासरी ५० पैसे सुटतात. अंदाजाने खेळणाऱ्याकडून दोन रुपये, कधी त्याहून जास्त. याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. जहाज तुमचं, दिवाबत्ती तुमची, नाल तुमची.

आता यात टिप घालून बघा. दुकानदाराला हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून करून दाखवतो. तासाला ६० डाव, दर डावाला ५०० रुपये. टेबलावरून ३०,००० रुपये फिरले. तक्ता पाठ असलेल्याचे त्यात सरासरी १५० जातात, अंदाजाने खेळणाऱ्याचे ६००. डीलरने मागितली म्हणून दर दहा डावांमागे १०० ची एक चिप, म्हणजे टेबलावर पैशांऐवजी चालणारं टोकन, दिली, तर तासाचे झाले आणखी ६००. म्हणजे जो माणूस खेळ शिकून आलाय, त्याच्याकडून तुमच्या नियमांनी जेवढं घेतलं त्याच्या चौपट टिपेने घेतलं. तो रात्री खोलीवर जाऊन म्हणतो, आज पत्तेच लागले नाहीत. पत्ते बरे लागले होते, पैसे टिपेच्या पेटीत गेले.

वर कर. चिप्स विकत घेताना जी रक्कम भरतो, तिच्यावर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे डीलरच्या पेटीत पडणारी चिप आम्ही विकत घेतलेली असेल, तर तिच्यावरचा करही आमच्याच खिशातून गेलेला असतो. खत-औषधांच्या बिलावर एवढा कर लावला असता तर शेतकऱ्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं.

मागच्या सहलीतला एक प्रसंग सांगतो. जहाजाचं नाव घेत नाही, कारण हे एका जहाजापुरतं नाही. आमच्यातले एक नाना, पारोळ्याकडचे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना असते. नाना वरचे ५० पैसे गिऱ्हाइकाला सोडत नाहीत आणि गिऱ्हाइकाचे ठेवूनही घेत नाहीत. असा माणूस. त्यांनी हजार रुपये लावले आणि एक्का-राजा आला. टेबलावर आरडाओरडा झाला. नियमाने नानांचे झाले १५००. डीलर मुलीने आधी पाचशेच्या दोन चिप्स नानांच्या पुढ्यात सरकवल्या. उरलेले ५०० तिने शंभरच्या पाच चिप्समध्ये मोजले, नीट पसरून दाखवले, परत एकावर एक रचले आणि ती चवड तळहाताखाली धरून ठेवली. मग हसून म्हणाली, "सर, ये हमारे लिए?"

बघा, पैसे अजून नानांना मिळालेच नव्हते. त्यांच्याच पैशांवर तिचा हात, वर टेबलाभोवतीच्या सहा माणसांच्या नजरा, बाजूला फुकटची दारू घेऊन उभा राहिलेला वेटर, आणि मागे कंपनीचा एरिया मॅनेजर, ज्याच्यासमोर चिंधी दिसायचं नाही. नानांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घ्या." तिने चिप्स टेबलाच्या कडेवर दोनदा टकटक वाजवल्या, पेटीत टाकल्या आणि पुढचा डाव वाटायला घेतला. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील.

त्या दहा सेकंदांत नानांचा ब्लॅकजॅक दीडपटीचा उरला नाही, साध्या डावासारखा लावले तेवढेच मिळून मिटला. ज्या टेबलावर ब्लॅकजॅकला लावले तेवढेच पैसे मिळतात, तिथे कॅसिनोचा वाटा १०० रुपयांमागे जवळपास सव्वादोन रुपयांनी वाढतो. असं टेबल तुम्ही पाटी लावून उघडलंत तर जाणता माणूस त्याच्याजवळ फिरकणार नाही. पाटी न लावता तेच टेबल तुम्ही डीलरच्या तोंडून चालवता. खाली आल्यावर नाना म्हणाले, "पैसा मन्हा, मर्जी मन्ही," आणि मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मर्जी विचारली कुणी होती?

मागायच्या बाकीच्या तऱ्हाही सांगून ठेवतो; व्यवस्थापक म्हणून तुमच्या कॅमेऱ्यांत त्या रोज दिसत असणारच. पैसे देताना मोठी चिप असूनही मुद्दाम सुटे द्यायचे, म्हणजे एक काढून टाकणं सोपं जातं. टिप न देणाऱ्याच्या डावाला पत्ते वाटताना हात जड करायचा, उसासा टाकायचा. शेजारच्याने दिली की "थँक्यू सर, बडा दिल" असं आपल्याकडे बघत म्हणायचं. नवखा दिसला की त्याला साइड बेटवर, म्हणजे मूळ डावाशिवायच्या वेगळ्या पैजेवर, ढकलायचं, कारण तिथे एकदम पंचवीसपट वगैरे लागते आणि तेवढी लागलेल्या माणसाचा हात सैल सुटतो. त्या साइड बेटमध्ये कॅसिनोचा वाटा मूळ खेळाच्या कितीतरी पट असतो, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

आणि इन्शुरन्स. डीलरच्या पुढ्यात एक्का उघडा पडला की "सर, इन्शुरन्स ले लीजिए, सेफ रहेगा." आमच्याकडे पीक विम्याने आधीच पोळलेली माणसं आहेत, पण सेफ हा शब्द ऐकला की हात पुढे जातोच. इन्शुरन्स ही वेगळी पैज, आणि तिचा हिशोब सोपा आहे. डीलरचं झाकलेलं पान दहाच्या किमतीचं असलं तर दुप्पट मिळतात. १३ पानांपैकी अशी पानं ४: दश्शा, गुलाम, राणी, राजा. १३ वेळा शंभर-शंभर लावले तर सरासरी ४ वेळा मिळून ८०० येतात आणि ९ वेळा मिळून ९०० जातात. १,३०० लावून १०० चा तोटा, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या वर. ज्या खेळात शिकलेल्या माणसाचा अर्धा टक्का जातो, त्याच खेळात डीलर त्याला साडेसात टक्क्यांचा सल्ला देतो, आणि सल्ला लागू पडला की त्याची टिप मागतो.

डीलरला खूश ठेवलं की पत्ते चांगले पडतात, असाही एक समज आमच्या मंडळींत आहे. तुम्ही तो मोडायचा प्रयत्न करत नाही, कारण तो तुमच्या सोयीचा आहे. खरं म्हणजे या खेळात डीलरला स्वतःची अक्कल चालवायला जागाच नाही. १६ पर्यंत पत्ता घ्यायचा, १७ झाले की थांबायचं; टेबलाच्या कापडावरच छापलेलं असतं. पत्ते बॉक्समधून नाहीतर मशीनमधून येतात. तो तुमच्यावर कितीही खूश असला तरी तुम्हाला एक्का देऊ शकत नाही, आणि देऊ शकत असेल तर तो टिपेचा प्रश्न नाही, फौजदारीचा आहे.

इथवर वाचून वाटेल की माझा राग त्या पोरापोरींवर आहे. तसं नाही. कोकणातला एक मुलगा होता, आमच्या टेबलावर दोनदा येऊन गेला. टेबल रिकामं होतं तेव्हा मराठीत बोलायला लागला. म्हणाला, "दादा, पगार खोलीभाड्यात आणि मेसमध्ये जातो, घरी पाठवायचं ते पेटीतून." पेटी सगळ्यांची एक. शिफ्ट संपली की मोजायची आणि वाटून घ्यायची. "जो मागत नाही त्याला बाकीचे बोलतात. म्हणतात, आम्ही मागायचं आणि तू नुसतं वाटून घ्यायचं का?" तेवढ्यात मागे सुपरवायझर येऊन उभा राहिला आणि तो मुलगा लगेच हिंदीत शिरला.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. पगार एवढा ठेवायचा की त्यात भागू नये. पेटी सामायिक ठेवायची, म्हणजे एकाच्या संकोचाचा भार दुसऱ्यावर पडतो आणि न मागणारा आपोआप कामचुकार ठरतो. मग सुपरवायझरने काही बोलायची गरजच उरत नाही. मागण्याचं काम पोरं एकमेकांकडून करून घेतात. गिऱ्हाइकाने चिडून तक्रार केली तर तुम्ही म्हणणार, टिप ऐच्छिक आहे साहेब, आम्ही कुणाला सक्ती करत नाही. रात्रभर उभं राहून पत्ते वाटणाऱ्याचा पगार खेळणाऱ्याच्या खिशातून, तोही खेळणाऱ्याला संकोचात पाडून काढायचा, आणि वर कुणीच जबाबदार नाही! वसुलीच्या एवढ्या सफाईदार पद्धती मी फार पाहिल्या नाहीत, आणि मी उधारीच्या धंद्यात आहे.

आमच्या बाजार समितीत शेतकरी माल आणतो तेव्हा हमाली आणि तोलाई कापली जाते. तिचे दर ठरलेले असतात, हिशोबपट्टीवर वेगळ्या ओळीत लिहिलेले असतात. हमालाच्या मजुरीला महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार आहे. गोणी पाठीवर घेऊन अर्ध्या वाटेत थांबून "आणखी काय देता?" असं कुणी म्हटलं तर शेतकरी सचिवाच्या खोलीत जाऊन टेबल वाजवतो. सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही. कडता, म्हणजे वजनातली कपात, आणि नमुन्याच्या नावाखाली काय चालतं ते आम्हाला पाठ आहे. पण दर कुठे लिहिलाय आणि भांडायचं कुणाशी, एवढं तरी माहीत असतं. तुमच्या टेबलावर कापडभर इंग्रजीत नियम छापलेले आहेत, टिपेबद्दल एक ओळ नाही.

आता थोडं सरकारशी.

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने रद्द केला. गोव्याचा सार्वजनिक जुगाराचा कायदाही १९७६ चाच. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या आणि पंचतारांकित हॉटेलांत मशीन, जहाजांवर टेबलं, अशी वाट मोकळी झाली. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे. त्यामागची काळजी मला कळते; आपल्या पोराबाळांना त्यापासून लांब ठेवावं असं कुणालाही वाटेल. पण त्यामुळे एक झालं: टेबलावर बसणारा प्रत्येक माणूस बाहेरचा झाला. तो दोन-तीन रात्रींचा पाहुणा. त्याचं गोव्यात मत नाही, आमदार नाही, ओळखीचा पोलीसपाटील नाही. त्याला लुबाडलं तर विधानसभेत प्रश्न कोण विचारणार? आणि इकडे येऊन आमच्या आमदाराला सांगावं, तर तो विचारणार, आधी सांगा तिथे गेला होतात कशाला? घरी तर सांगायची सोयच नाही. म्हणून ही तक्रार अशी जाहीर लिहावी लागते.

सरकारला यात नवं काही शोधून काढायचं नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात आणि सिंगापूरमध्ये कॅसिनोतल्या डीलरने टिप मागणं आणि घेणं कायद्यानेच मना आहे. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने टिपेवर बंदी होती, ती २००५ च्या नव्या कायद्यानंतर उठली. अमेरिकेतल्या नेवाडात उलट आहे; तिथे डीलरची मुख्य कमाईच टिपेची. पण तिथेही तोंडाने मागणं बहुतेक कॅसिनोंच्या नियमांत बसत नाही, त्यावरून नोकरी जाऊ शकते. मला व्हिक्टोरियासारखी सरसकट बंदी नको आहे. ज्याला द्यावीशी वाटते त्याने द्यावी. चांगल्या मनाने, व्यवस्थित डाव चालवणाऱ्या डीलरला उठताना मीही देतो.

आपल्याकडे हॉटेलांच्या बाबतीत हे ठरून झालेलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: बिलात सेवा शुल्क आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावानेही लावायचं नाही, द्यायचं की नाही ते ग्राहक ठरवेल. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. चारशेच्या थाळीवर चाळीस रुपये सक्तीने घेता येत नसतील, तर हजाराच्या डावावर पाचशे संकोचाने कसे घेता येतात? परवान्याच्या अटींत हे घालायला फार शाई लागणार नाही. डीलरने टिप मागू नये. जिंकलेली रक्कम आधी पूर्ण खेळणाऱ्याच्या पुढ्यात ठेवावी, हात काढून घ्यावा, मग खेळणाऱ्याने काय करायचं ते करावं. टिप ऐच्छिक असल्याची पाटी प्रत्येक टेबलावर मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत लावावी, आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचा नंबर तिच्यावर असावा. तुमचे कॅमेरे खेळणाऱ्याच्या बोटांवर रोखलेले असतात. थोडे डीलरच्या बोटांवरही वळवा.

व्यवस्थापकांनो, तुमच्याकडून अपेक्षा त्याहून साधी आहे. पगार नीट द्या. त्यासाठी प्रवेशाच्या पॅकेजचा दर दोन-तीनशेंनी वाढवायचा असेल तर वाढवा. आम्ही कुरकुर करू आणि देऊ, कारण तो आकडा तिकिटाच्या खिडकीवर दिसेल, जहाजावर चढायच्या आधी. नाहीतरी पॅकेजमधल्या त्या एकदाच लावता येणाऱ्या चिप्स म्हणजे काय, हे खिडकीवर नीट समजावून सांगायची सवयही तुम्ही लावून घ्यायला हरकत नाही. पहिल्यांदा आलेला माणूस त्या खिशात घालून नेतो आणि शेवटी काउंटरवर पैसे मागतो. पण ते वेगळं पत्र होईल.

तुमच्याकडून उत्तर येईपर्यंत आमच्या मंडळींना मी काय सांगतोय, तेही तुम्हाला कळलेलं बरं. मागितली की "उठताना देईन" म्हणायचं, एकदाच, हसून. पुन्हा मागितली की टेबल बदलायचं. भांडायचं नाही, त्या पोराचं रात्रभराचं काम आहे. ब्लॅकजॅक लागला की चिप्स पूर्ण हातात आल्याशिवाय हो किंवा नाही, काहीच बोलायचं नाही. सुटे दिले तर मोठी चिप मागून घ्यायची. इन्शुरन्सला नाही, साइड बेटला नाही. ब्लॅकजॅकला दीडपट मिळतात की पाचास सहा, हे बसण्याआधी कापडावर वाचायचं. पाचास सहा असेल तर ५०० वर ७५० ऐवजी ६०० च हातात पडतात, तिथे बसूच नये. डीलर आवडलाच आणि द्यायचंच असेल, तर पुढच्या डावात आपल्या चिपवर शंभरची एक जादा ठेवायची आणि सांगायचं, आलं तर तुझं. डाव आला की त्याला दोनशे मिळतात, आणि डाव येईपर्यंत चिप आपली असते. तळहात दाबून धरला तर सरळ पिट बॉसला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याला, हाक मारायची. तरी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. कॅसिनोच्या तक्रारीचं तिथे काय करतात ते एकदा बघूच.

यातल्या बऱ्याच सूचना मी आमच्या तालुक्याच्या विक्रेत्यांच्या ग्रुपवर टाकल्या आहेत. नानांनी त्या वाचून अंगठा दाखवला, बाकी काही लिहिलं नाही. एका शहाण्याने लिहिलं, "अप्पा, एवढा हिशोब करायचा तर जातोस कशाला?" त्याचं म्हणणं बिनतोड आहे. पण जाणारे जाणारच, आणि हिशोब न करणाऱ्यांच्या भरवशावर तुमची पेटी भरते.

पुढच्या सहलीची नावनोंदणी दिवाळीच्या आत होते. त्याआधी तुमचं उत्तर आलं तर मी ते ग्रुपवर जसंच्या तसं टाकीन. नाही आलं, तर नाही आलं हेही टाकीन, आणि कंपनीला पत्र देईन की संध्याकाळच्या कार्यक्रमातून जहाज काढा, त्याऐवजी आम्हाला एक दिवस जास्त द्या.

कळावे,

आपला,
अमळनेरचा एक कृषी केंद्र चालक
जि. जळगाव